एक चांगला मर्मर

आमच्या भागातल्या हृदयरोगाच्या डॉक्टरांची एक संघटना होती आणि तिच्यात बाई मी एकटी. सत्तर साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. सोलापुरात तेव्हा कार्डिओग्रामचं मशीन असलेले डॉक्टर मोजकेच. शुक्रवार पेठेत माझा दवाखाना होता. खाली दवाखाना, वर घर. घरात कन्नड, दवाखान्यात मराठी आणि पेशंट पूर्वभागातल्या विणकरांच्या, मागांच्या वस्तीतला असला की मोडकंतोडकं तेलुगू, असा माझा दिवस जायचा. संघटनेची बैठक कधी आमच्याकडं, कधी शेजारच्या जिल्ह्यात भरायची. एखादं भाषण, त्यावर चर्चा, मग कुठल्या तरी औषध कंपनीनं दिलेलं जेवण. मी नेमानं जायची. गावात एकटीनं प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला आपलं कुठं चुकतंय हे सांगणारं दुसरं कोण असतं?

त्या वर्षीचं वार्षिक अधिवेशन सोलापूरला ठरलं. संघटनेचे सेक्रेटरी आमच्याच गावातले, माझ्याहून बरेच ज्येष्ठ, हुशार आणि गोड बोलणारे. त्यांच्या घरी तयारीची सभा झाली तेव्हा मी म्हटलं, मला सांधेवाताच्या तापावर बोलायचंय. लहानपणी घसा येतो, पाठोपाठ ताप येतो, सांधे सुजतात आणि दुखणं आपोआप बरं होतं. आईबाप विसरून जातात. पण तो ताप जाता जाता काळजाची झडप खराब करून जातो. पोरगी मोठी होते, तिचं लग्न होतं, दिवस जातात आणि मग तिला जिना चढवेनासा होतो. अशा किती पोरी माझ्या बाकावर येऊन बसायच्या. एका खोलीत सगळं घर, त्यातच माग, त्यातच चूल, आणि एकाचा घसा आला की सगळ्यांचा आला. वेळेवर पेनिसिलीन दिलं तर हे सगळं टळतं, एवढंच मला सांगायचं होतं.

सेक्रेटरींनी ऐकून घेतलं. कार्यक्रम भरलाय म्हणाले. यंदाचा विषय हार्ट अटॅक होता. कारखानदारांना, पुढाऱ्यांना येतो तो. मग जरा थांबून ते म्हणाले, की जेवणाखाणाची आणि स्वागताची जबाबदारी मात्र मी घ्यावी, बाईमाणसाच्या नजरेखाली ते नीट होतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या निम्म्यांहून माझे मार्क जास्त होते, पण मार्कांचं तिथं काय करायचं? मी हो म्हटलं.

निघताना दारापाशी ते हळूच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, एक करा. तुमच्याकडं चांगले मर्मर येतात. एखादा आम्हाला द्या."

मर्मर म्हणजे खराब झडपेतून रक्त जाताना होणारा आवाज. नळी छातीवर ठेवली की ऐकू येतो. चांगला मर्मर म्हणजे स्पष्ट ऐकू येणारा मर्मर, आणि स्पष्ट ऐकू येतो तो बहुतेक वेळा ज्याचं दुखणं पुढं गेलंय त्याचा. आम्ही डॉक्टर हा शब्द सहज वापरतो. मीही वापरत होते. त्या दिवशी मात्र तो ऐकून माझ्या कपाळाची शीर उठली.

तरी मी नाही म्हटलं नाही, कारण माझ्याकडं तेव्हा एक मुलगी होती. विशीच्या आतबाहेरची, विड्या वळणारी, पहिलटकरीण, पाचवा महिना. नवरा मागावर. तिला माझ्याकडं आणलं होतं ते सासूनं. सासू उंच, काळी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि सुनेला अशी धरून आणायची की जणू काचेचं भांडं. मुलीच्या काळजाची झडप इतकी आकसली होती की बाळंतपणापर्यंत ती पोहोचणं कठीण होतं. त्या काळी छाती उघडून सर्जन बोटानं ती झडप मोकळी करत, पण मुंबईला नाहीतर एखाद्या मोठ्या मिशन हॉस्पिटलात. नंबर लागायला महिने जायचे. अधिवेशनाचे अध्यक्ष मोठ्या शहरातले नामांकित डॉक्टर होते आणि अशी ऑपरेशनं होणाऱ्या हॉस्पिटलात त्यांचा शब्द चालायचा. सेक्रेटरी म्हणाले, त्यांनी तपासलं की कॉट मिळालीच समजा.

मी अटी घातल्या. वेगळी खोली हवी, पडदा हवा, एका वेळी दोघातिघांनीच यायचं, आणि तपासून झाल्यावर अध्यक्षांनी तिच्या सासूशी बोलायचं. सेक्रेटरी प्रत्येक अटीला "अगदी, अगदी" म्हणाले. सासूला मी सांगितलं, मोठे डॉक्टर येणार आहेत, ते बघतील, ऑपरेशनचं विचारू. तिनं माझे हात धरून डोळ्यांना लावले.

अधिवेशन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. बाहेर मांडव, त्यात जेवणाच्या पंगती. सकाळपासून मी आचाऱ्यांच्या मागं होते. जिलेबी, मसालेभात, आणि बाहेरगावच्यांना आमची शेंगाचटणी आणि कडक भाकरी चाखायचीच होती. मधून मधून मी हॉलकडं बघत होते. मुलीला दुपारच्या सत्रात बोलावणार असं ठरलं होतं, म्हणून मी निर्धास्त होते. कार्यक्रम बदलला आणि मला कुणी सांगितलं नाही. भाकरीच्या टोपल्या मोजून घेत असताना एक ओळखीचे डॉक्टर रुमालानं हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "झकास केस आणलीत हो."

मी आत गेले.

हॉलच्या पुढच्या बाजूला शाळेचं स्टेज होतं. स्टेजवर एक बाक, बाकावर ती मुलगी. कमरेच्या वर अंगावर काही नाही. पडदा नाही, चादर नाही. हात आडवे धरून ती खाली बघत होती, आणि नळ्या कानाला लावलेल्या पुरुषांची रांग स्टेजवरून पायऱ्या उतरून पार दाराशी गेली होती. सासू स्टेजखाली उभी. तिच्या हातात सुनेचं पातळ आणि चोळी, छातीशी घट्ट धरलेली. एक फोटोग्राफर इकडून तिकडून फोटो घेत होता. अध्यक्ष माइकवरून समजावून सांगत होते: डाव्या कुशीवर वळवा, आता ऐका, श्वास सोडायला लावा, आता ऐका.

मी रांगेतून वाट काढत पुढं निघाले आणि त्याच वेळी मागून कुणीतरी म्हणालं की आवाज नीट येत नाही. अध्यक्ष हसून म्हणाले, त्याला उपाय सोपा आहे, जरा श्रम झाले की हा मर्मर वाढतो. त्यांनी मुलीला उठवलं आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून चढायला सांगितलं. पुस्तकात तसं लिहिलेलं आहे, खोटं नाही. पण पुस्तकात पाच महिन्यांची पोटुशी, उघडी, शंभर डोळ्यांपुढची मुलगी लिहिलेली नाही.

ती उतरली. चढली. अध्यक्ष म्हणाले, आणखी एकदा. ती पुन्हा उतरली आणि तळाशी खोकायला लागली. कोरडा, तुटक खोकला. त्या आजारात या खोकल्याचा अर्थ काय, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फुप्फुसात पाणी भरायला लागतं. ठाऊक असून रांग हलली नाही. पुढचा माणूस नळी पुढं करून उभाच होता.

मी सासूच्या हातातलं पातळ घेतलं आणि मुलीभोवती गुंडाळलं. तिला पायरीवर बसवून पाठीमागून टेकू दिला. तिचं अंग थंडगार आणि ओलं होतं.

अध्यक्ष माइकवरूनच म्हणाले, "बाई, अजून बरेच जण राहिलेत."

"राहू देत," मी म्हटलं. "हिला दम लागलाय."

ते समजुतीच्या सुरात म्हणाले की हे शिक्षण आहे, भावनेचा प्रश्न नाही, आणि आपण सगळे असंच शिकलो. सेक्रेटरी लगबगीनं आले आणि माझ्या कानाशी लागले: मोठी माणसं आहेत, आपल्या गावाची शोभा होईल. त्यांना माझा आवाज खाली आणायचा होता. माझा आवाज काही वर गेलेला नव्हता. मी अध्यक्षांना विचारलं, "शिक्षण झालं. आता ऑपरेशन कधी होईल ते हिच्या सासूला सांगता का? ती त्यासाठी आलीय."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. रीतसर चिठ्ठी पाठवा, बघू, असं काहीतरी म्हणून त्यांनी पुढचा वक्ता पुकारला. पुढचा विषय होता उच्चपदस्थांना येणारा मानसिक ताण.

मुलीला बाजूच्या वर्गात नेऊन मी इंजेक्शन दिलं आणि पाय खाली सोडून बसवून ठेवलं. हळूहळू श्वास खाली बसला, ओठांना रंग आला. सासू सारखं विचारत होती, "डाक्टरम्मा, त्यांनी काय सांगितलं? काय सांगितलं?" इतक्या माणसांनी तपासलं म्हणजे इतक्या माणसांनी काहीतरी सांगितलं असणार, असा तिचा साधा हिशेब. कुणीच काही सांगितलं नाही, हे मला तिला तेलुगूत सांगता येईना. मराठीतही येत नव्हतं. मग मुलगीच पुटपुटली की भूक लागलीय. तपासणीला उपाशीपोटी या, असा निरोप कुणीतरी त्यांना दिला होता. कशाला, देव जाणे.

तेव्हा मला खरा राग आला. तोवर जो आला होता तो डॉक्टरचा राग होता, हा वेगळा. जेवणखाण माझ्याकडं होतं. मी त्या दोघींना मांडवात नेलं आणि पहिल्या पंगतीच्या मधोमध, जिथं अध्यक्षांच्या पाटाभोवती रांगोळी काढली होती, तिथं नेऊन बसवलं. मुलीला जमिनीवर बसवेना, तर तिला खुर्ची आणि पुढं टेबल दिलं. शेजारी मी बसले. आचाऱ्यांना म्हटलं, वाढा. हिला मीठ कमी. सत्र संपून मंडळी मांडवात आली तेव्हा आम्ही तिघी जेवत होतो.

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. अध्यक्ष थोडा वेळ उभे राहिले आणि मग कडेच्या पाटावर जाऊन बसले. रांगेत पुढं पुढं करणारी काही तरुण मंडळी ताट हातात घेऊन आमच्याकडं न बघता निघून गेली. माळशिरसहून आलेले एक म्हातारे डॉक्टर मात्र सरळ आमच्यासमोर येऊन बसले, मुलीला म्हणाले, "पोटभर जेव बाळ," आणि भाकरी मोडायला लागले.

कॉट मिळणार नव्हती हे उघड होतं. मी चार दिवस दवाखाना बंद ठेवला आणि दोघींना घेऊन मुंबईला माझ्या कॉलेजातल्या सरांच्या दारात जाऊन बसले. सर सर्जन. तिरसट म्हणून प्रसिद्ध. माझ्यावरही ओरडले: आधी का नाही आणलंस? मग मुलीच्या कॉटशेजारी स्टुलावर बसले, पदराच्या आडून नळी ठेवली, डोळे मिटून ऐकलं आणि सासूकडं वळून म्हणाले, "विचारा काय विचारायचंय ते."

सासूनं विचारलं, "पोटातलं राहील का?"

सर म्हणाले, "सांगता येत नाही. सून राहण्याची आशा चांगली आहे."

मी ते तेलुगूत सांगितलं. सासू म्हणाली, मग करा. तिनं मुलाचं मत घेतलं नाही की कुणाला विचारायला गावी गेली नाही. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. मुलगी वाचली, पोटातलंही राहिलं आणि दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली.

इकडं संघटनेनं मला बोलावून घेतलं. पाहुण्यांचा अपमान केल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी, असं सगळ्यांचं मत पडलं होतं. मी म्हटलं, दिलगिरी त्या मुलीच्या घरी जाऊन व्यक्त करू, सगळे मिळून चला, मी रस्ता दाखवते. कुणी उठलं नाही. मला वाटलं होतं ते मला काढतील. काढलं नाही, आणि मीही राजीनामा दिला नाही. दिला असता तर त्यांनी पेढे वाटले असते.

पुढचं अधिवेशन जवळ आलं तसे सेक्रेटरी माझ्याकडं आले. मुलगी वाचल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. आता ऑपरेशननंतरचा मर्मर ऐकायला सगळे उत्सुक आहेत, ते म्हणाले. तेवढं तिला घेऊन या. या वेळी पडदा नक्की. मी म्हटलं, हे मी ठरवणार नाही, ती ठरवेल. त्यांना याचंच नवल वाटलं. मी तिच्या घरी गेले. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, शेजारी झोळीत पोर. सासू म्हणाली, एवढी मोठी माणसं, नाही कसं म्हणायचं? सुनेचे हात थांबले नाहीत. विडीला दोरा बांधत ती म्हणाली, "मी म्हणते. नाही." मी तेच शब्द सेक्रेटरींना जाऊन सांगितले.

अधिवेशन त्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यात होतं. आदल्याच अध्यक्षांचं भाषण. विषय चक्क गरोदरपणातला हृदयरोग. हॉल अंधारा करून ते पडद्यावर चित्रं दाखवत होते. काळजाची आकृती, झडपेची आकृती, मग कार्डिओग्राम. आणि मग ती. सोलापूरच्या शाळेचं स्टेज, बाक, आडवे धरलेले हात. चेहरा झाकलेला नाही, डोळ्यांवर पट्टीसुद्धा नाही. भिंतीएवढी मोठी. "आमच्या संघटनेच्या प्रयत्नांनी या रुग्णाचं यशस्वी ऑपरेशन झालं," असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

मी कशी उठले ते मला आठवत नाही. मधल्या वाटेनं चालत गेले आणि पडद्यापुढं, झोताच्या मध्ये उभी राहिले. माझी साडी पांढरी होती. ते चित्र पडद्यावरून निघून माझ्या अंगावर आलं. तिचा चेहरा माझ्या छातीवर, बाकीची मी वाकडीतिकडी रंगलेली. डोळ्यांत उजेड जात होता, समोरचं एकही तोंड दिसत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, बाजूला व्हा. मी म्हटलं, चित्र काढा. त्यांनी पुन्हा सांगितलं, मीही पुन्हा सांगितलं. अंधारात खुर्च्या सरकल्या, कुणी तरी हसलं, कुणी तरी "नाटक" म्हणालं. मी तिथंच उभी.

मग मागून एक म्हातारा आवाज आला. "काढा की ते. आपली लेक असती तर दाखवली असती व्हय?" माळशिरसचे तेच डॉक्टर. दिवे लागले.

दुसऱ्या दिवशी सभेत मी ठराव मांडला. रुग्णाला विचारल्याशिवाय पुढं आणायचं नाही, पडद्याआडच तपासायचं, त्याला कळेल अशा भाषेत निदान सांगायचं, आणि चेहरा दिसेल असा फोटो दाखवायचा नाही. वाद बराच झाला. अशानं तरुण डॉक्टर शिकणार कसे, असं एकजण पोटतिडकीनं म्हणाले. शेवटी काठावर मतं पडून ठराव पास झाला. संघटनेच्या अहवालात तो आला तेव्हा तो अध्यक्षांच्या दूरदृष्टीचं फळ म्हणून आला. त्यांच्या सत्काराच्या भाषणात पुढं कितीतरी वर्षं त्याचा उल्लेख व्हायचा. अजूनही कुणी त्यांची थोरवी सांगायला लागलं की मी उठून पाणी प्यायला जाते. पेनिसिलीनवर बोलायला मला संघटनेनं वेळ दिली तोवर माझ्या बाकावर बसलेल्या किती जणी गेल्या होत्या, ते मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

ते चित्र मात्र मी सोडलं नाही. प्रोजेक्टरवाल्याकडून ती काचेत बसवलेली फिल्म मागून घेतली. स्वतः फोडून टाकावी असं मनात आलं होतं, पण ती माझी नव्हती. रविवारी तिच्या घरी गेले आणि काय ते सांगून तिच्या हातात दिली. तिनं ती खिडकीकडं धरली, एक डोळा मिटून बराच वेळ बघितली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "पोट केवढं दिसतंय." आणि सासूला दाखवली. सासूनं बघितली, तोंडातल्या तोंडात तेलुगूत एक कचकचीत शिवी दिली, कुणाला ते सांगायला नको, आणि फिल्म चुलीत सारली. ती करपल्याचा घाण वास सुटला. सुनेनं पोरीची झोळी दारातल्या वाऱ्याला नेली आणि मला म्हणाली, बसा, चहा टाकते.

मी बसले.